साहेबांनी झाकण उचललं

ता. ६ जानेवारी, मंगळवार

ती. वन्संस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. म्हणजे मी पोचले आणि तुमच्या भावाचं नाक माझ्या आधी पोचलं. गाडीतून पाय खाली ठेवला नाही तोच, इथे जवळपास कुठेतरी दोनदा तापवलेलं तेल आहे, असं जाहीर झालं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण नाकाला पेन्शन नाही!

चिमीची खोली चौथ्या मजल्यावर आहे. एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात ओटा आणि शेगडी, आणि एवढीशी गॅलरी. गॅलरीत उभं राहिलं की समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे हाताला लागतात. उकाडा असा की जानेवारीत अंगाला पंचा चिकटतो. यांना पलंग दिलाय आणि आम्ही मायलेकी खाली गादी टाकतो. चिमीचे गाल वर आलेत. घरी होती तेव्हा चवळीची शेंग होती, इथे एकटी राहून अंगाने भरली. हे बघून मी खूश आणि हे गप्प.

आता कामाचं. चिमीने मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं. तिच्या ऑफिसात एक मुलगा आहे, नकाशे काढतो. शांत, उंच, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा. दोघांचं ठरल्यातच जमा आहे. अडचण मुलाची नाही, मुलाच्या आईची आहे. वडील लहानपणीच गेले, आईने एकटीने वाढवला, आणि ज्यावर वाढवला ती खाण्याची गाडी ती अजून चालवते. होडीच्या धक्क्यामागच्या गल्लीत, निळ्या छत्रीखाली.

वन्सं, आता तुम्हीच सांगा. आपले हे नगरपालिकेचे अन्न निरीक्षक. यांची चप्पल वाजली की अख्ख्या बाजारात पातेल्यांवर झाकणं पडायची. नाकसाहेब म्हणायचे लोक यांना, पाठीमागे. आमच्या लग्नात नवरदेव गायब झाला आणि आचाऱ्याच्या पाण्याच्या पिंपात डोकावताना सापडला, ते तुम्हाला आठवत असेलच. हयातीत रस्त्यावरचा घास नाही. चिमीला शाळेत असताना मैत्रिणींबरोबर बर्फाचा गोळा खाऊ दिला नाही. अशा माणसाला विहीण मिळणार ती गाडीवाली!

चिमीने यांना एवढंच सांगितलंय की मुलाच्या आईचा खाण्याचा व्यवसाय आहे. यांनी मनात मोठं हॉटेल बांधून टाकलं आणि भटारखान्याला फरशी कसली आहे ते विचारलं. रविवारी चार वाजता मायलेक इकडे येणार आहेत. मुलाने चिमीला बजावलंय की मला काय बोलायचं ते बोलू देत, पण आईच्या गाडीला नाव ठेवलं तर मी उठून जाईन. आणि त्याची आई म्हणते, लग्नासाठी गाडी बंद करा म्हणाले तर करणार नाही. आमची चिमी म्हणते की बाबांच्या मनाविरुद्ध लग्न करणार नाही, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. म्हणजे पोर मध्येच लोंबकळतेय. रात्री माझा हात धरून झोपते, एवढी घोडी झाली तरी.

म्हणून मी एक घाट घातलाय. शनिवारी तिचं ऑफिस आहे. आम्ही दोघंच गाव बघायला निघणार. फिरवून फिरवून यांना भूक लावायची, आणि सहज म्हणून त्या निळ्या छत्रीखाली नेऊन बसवायचं. काही सांगायचं नाही. आधी पोटात जाऊ दे, मग कानावर घालू. कसं वाटतं? उत्तर चिमीच्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडा, यांच्या हाती लागलं तर माझी धडगत नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता का? लोभ आहेच, तो या उकाड्यात वितळू देऊ नका.

आपली,
धाकटी

*

ता. १० जानेवारी, शनिवार

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आत्ता दुपारी आलं. म्हणजे मी हे लिहितेय तेव्हा तू माझ्या भावाला त्या गल्लीत नेऊन बसवलंही असशील. टपालखात्याची कृपा! आता मी नको म्हणून काय उपयोग? तरी म्हणते, कारण न म्हटलं तर मला जेवण जाणार नाही.

बापूला फसवायला जाऊ नये, असं माझं मत. तो लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना वासावरून आम्हाला ओळखायचा. एकदा मी नासलेल्या दुधाचा चहा त्याला आलं घालून पाजायला बघितला, तर कप तोंडाशी न नेता त्याने मला दूधवाल्याचं नाव सांगितलं. हा माणूस फसत नाही, आणि फसवलं असं कळलं की दुखावतो. मग ते दुखणं अंगावर काढतो, बोलत नाही.

आणि एक सांगू? तुम्ही मायलेकी त्याला जेवढा वाघ समजता तेवढा तो नाही. बाजारात डरकाळी फोडायचा, पण एखाद्या गरिबाचा माल ओतून द्यावा लागला की त्या दिवशी माझ्याकडे येऊन जेवल्याशिवाय झोपायचा. हे तुला माहीत नसेल. त्याने सांगू नको म्हटलं होतं, पण आता तुमची लेक अडकलीय तर मी कशाला तोंड शिवून बसू?

तेव्हा त्याला सरळ सांगा. अर्थात हे पत्र पोचेपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असेल, म्हणजे मी वरातीमागून घोडं पाठवतेय. पाठवते तरी.

गुडघे आहेत तिथेच आहेत. तेल लावते. चिमीला म्हणावं, आत्या तिच्या बाजूने आहे, मुलगा काणा असला तरी.

सर्वांना आशीर्वाद, आणि तुला थोडे जास्त, कारण तुला लागतील.

तुझी,
वन्सं

*

ता. १० जानेवारी, शनिवार, संध्याकाळ

ती. अक्काचे सेवेशी,
बापूचा सा. न. वि. वि.

आज आम्ही गाव पाहिलं. पाय बोलायला लागलेत, म्हणून पलंगावर पडून लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

सकाळी आधी मनोऱ्यावर चढलो. वरून सगळं गाव, त्यातून वळणं घेत जाणारी नदी आणि नारळीची टोकं दिसतात. तुझी भावजय अर्ध्यात बसली आणि म्हणाली की तुम्ही वर जाऊन बघून या आणि मला सांगा. मग काचेच्या छपराची बाग. आत एवढी वाफ की माझा चष्मा आणि तिचा उत्साह दोन्ही धुकट झाले. कमळांच्या तळ्याशी एका गृहस्थाने आमचा फोटो काढला. त्यात मी मान वाकडी करून तळ्याचं पाणी बघतोय. मग होडीतून पलीकडे आणि पुन्हा अलीकडे. वारा लागला तेवढाच वेळ माणसात आलो.

इकडे रस्त्यावर जिथे बघावं तिथे खाणं. चिरलेली फळं, भाजलेली कणसं, तळलेली केळी, गरम रस्सा. मी आपला बरोबरचं उकळलेलं पाणी पीत चाललो होतो. पण आज धाकटीला काय झालं होतं कुणास ठाऊक. दुपार कलली तरी जेवायचं नाव नाही. चांगल्या स्वच्छ खानावळी दिसल्या की हिला तिथे गर्दी वाटे. धक्क्यामागच्या गल्लीत ती मला घेऊन शिरली आणि बऱ्याच गाड्या ओलांडून एका निळ्या छत्रीखालच्या स्टुलावर बसली, जणू ठरवून आली होती. पाय मोडले, आता इथून उठणार नाही, म्हणाली. भुकेने माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बसलो.

गाडीवर एक बाई. उंच अंबाडा, बाह्या वर खोचलेल्या, ना हसणं ना बोलणं. रस्साभात समोर आणून ठेवला. अक्का, मी खाल्ला. पहिला घास मी पुरावा म्हणून तोंडात घेतला आणि त्यानंतरचे जेवण म्हणून. आंबट, तिखट, ओल्या नारळाची गोडी मागून येते. दुसऱ्यांदा मागून घेतला. धाकटी माझ्याकडे अशी बघत होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं तिखटाने.

इथपर्यंत सगळं छान होतं. पुढे मात्र सवय आडवी आली. इतकी चांगली चव मिळाली की ती कशाने आली ते बघितल्याशिवाय मला राहवत नाही. मी उठलो, पातेल्याचं झाकण उचललं, वास घेतला. ओगराळं कुठे ठेवते ते बघितलं. खिशातली बॅटरी काढली आणि वाकून गाडीखाली मारली. एक झुरळ नाही, एक पान सडलेलं नाही! पाण्याच्या पिंपाला झाकण, पाणी काढायला लांब दांड्याचं वेगळं भांडं. मी तीस वर्षं लोकांना जे सांगून दमलो ते सगळं तिथे आपणहून केलेलं. मी मान वर केली ती शाबासकी द्यायलाच.

तर बाईने पानात बांधलेला खाण्याचा मोठा पुडा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली की घ्या आणि निघा, तुम्हा लोकांचं बघणं झाकणापासून सुरू होतं आणि काखेतल्या पुड्याशी संपतं. अक्का, मला लाचखाऊ समजली! ज्याने उभ्या जन्मात कुणा दुकानदाराचा अर्धा कप चहा घेतला नाही, त्याला. माझा आवाज चढला. मी सांगितलं की मी प्रामाणिक माणूस आहे. तर ती म्हणाली, असाल, मग कोणाच्या हुकमाने माझ्या पातेल्याला हात लावलात ते सांगा. सगळी गल्ली बघत होती.

कोणाचाच हुकूम नव्हता. मी कुणीच नाही आता. पुडा तिथेच ठेवून धाकटीला ओढत निघून आलो.

चिमी ऑफिसातून आली आणि तोंड धुऊन गॅलरीत जाऊन बसली. उद्या चारला मुलाकडचे येणार, त्याचं टेन्शन असेल. आणि तुला म्हणून सांगतो, चिमी खोलीत स्वयंपाक करत नाही. शेगडीवर तेलाचा एक डाग नाही, आणि या दमट हवेत बरणीतल्या मिठाचा दगड झालाय, त्याला चमचा लागलेला नाही. पत्रात मात्र भाजीपोळी करते म्हणून लिहायची. पहिल्याच दिवशी ओळखलं, पण बोललो नाही. ती आपणहून सांगेल म्हणून वाट बघतोय.

उद्या सकाळी एकटाच जाऊन त्या बाईशी सोक्षमोक्ष लावणार आहे. धाकटीला सांगितलेलं नाही. आपल्यावर आळ ठेवून मी मुलीच्या सासरच्यांसमोर बसू शकत नाही.

माया असू दे, आज जरा जास्तच लागतेय.

तुझा,
बापू

*

ता. १० जानेवारी, त्याच संध्याकाळी

ती. वन्संस,
शि. सा. न.

दोनच ओळी. करायला गेले एक आणि झालं भलतंच. यांनी दोनदा मागून खाल्लं हो! मी मनातल्या मनात मांडव घातला होता. आणि मग यांनी झाकण उचललं. बाकीचं हे तुम्हाला लिहितायत, पलंगावर पडून पाठीमागे लपवून. मी बघितलं नाही असं त्यांना वाटतंय.

मुलाच्या आईने लगेच ऑफिसात जाऊन मुलाला सांगितलं की बॅटरीवाला कुणी म्हातारा येऊन आपला अपमान करून गेला. मुलाने ते चिमीला सांगितलं. बॅटरी म्हटल्यावर चिमीने ओळखलं. मुलाला तिने काही सांगितलं नाही, गॅलरीत बसून रडतेय. उद्या दारात ती बाई यांना बघेल, आणि वळून जिना उतरेल. मग माझ्या पोरीने काय करायचं?

हुशारी मी केली आणि भोगणार चिमी. उद्या सकाळी चहा झाला की यांना सगळं सांगून टाकणार आहे. देवाला सांगा काहीतरी आमच्या वतीने.

घाईत, पण तुमचीच,
धाकटी

*

ता. १४ जानेवारी, बुधवार

ती. अक्काचे सेवेशी,
बापूचा सा. न. वि. वि.

तू धाकटीला लिहिलेलं पत्र चिमीने आज ऑफिसातून आणलं आणि धाकटीने ते मला वाचायला दिलं. म्हणजे तूसुद्धा! घरात मी एकटाच परका राहिलो होतो तर. आणि मी तुझ्याकडे जेवायला यायचो ते का सांगितलंस? असो. आता ऐक.

रविवारी मी चहाच्या आधीच निघालो. बाई गाडी लावत होती. गल्ली नुकतीच धुतलेली, बाकीच्या छत्र्या मिटलेल्या. रात्रभर मी मनात एक खरमरीत भाषण तयार केलं होतं. पण ती ज्या तऱ्हेने पिंपाचं झाकण पुसत होती ते बघून ते भाषण मला आठवेना. मी म्हणालो की काल न विचारता झाकण उचललं, चूक झाली, ते घर तुमचं होतं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली की बसा, आणि बसायचंच असेल तर केळी सोला.

मी केळी सोलत बसलो. सालं एका बाजूला, केळी दुसऱ्या बाजूला. माझं काम बघून तिने मला नारळही दिला. हळूहळू ती बोलायला लागली. कालचं मनावर घेऊ नका, म्हणाली, मी आधीच धास्तावलेली होते. आज दुपारी मुलासाठी मुलीच्या घरी जायचंय आणि मुलीचा बाप म्हणे मोठा अन्न अधिकारी आहे, करडा माणूस. काल तुम्ही बॅटरी काढलीत तेव्हा मला तोच डोळ्यांपुढे आला आणि माझा तोल गेला.

अक्का, माझ्या हातातलं केळं तसंच राहिलं. धाकटीचं स्टुलावर बसणं, तिच्या डोळ्यांतलं पाणी, चिमीचं गॅलरीत जाणं, सगळं एका क्षणात उलगडलं. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती मुलीबद्दल बोलू लागली. म्हणून मी गप्प राहिलो. ते काही शहाणपण नव्हतं, मला ऐकायचं होतं एवढंच.

ती म्हणाली की पोर दोन वर्षं रोज संध्याकाळी इथेच जेवते, या कडेच्या स्टुलावर. मुलाची ओळख नंतरची, माझी आधीची. तिखट सोसत नाही तरी मागते आणि नाक पुसत खाते. मागच्या पावसाळ्यात तिला मोठा ताप आला. कितीतरी दिवस उठवत नव्हतं. मी गाडी लवकर मिटून पेज घेऊन तिचे चार जिने चढायची, लिफ्ट तेव्हा बंद होती. तिला म्हटलं की घरी कळव. तर तापात हात जोडून म्हणाली, नको, बाबा आधी विचारतील काय खाल्लं होतंस.

आपल्याला तिचं त्या महिन्यातलं पत्र आलं होतं. मजेत आहे, काळजी नसावी, असं लिहिलेलं. मी ते तुला वाचून दाखवलं होतं.

मी उठलो. बाईने विचारलं की काय झालं. मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. निघताना तिने मला विचारलं की तुम्ही त्याच खात्यातले दिसता, असल्या माणसापुढे कसं वागावं? नवीन साडी नेसू का, गाडीचं बोलू की नको? मी सांगितलं की रोजची साडी नेसा, रस्सा इथलाच घेऊन या, आणि गाडी बंद करा म्हणाला तर तोंडावर नाही म्हणा. तो झाकण उचलेल का, तिने विचारलं. मी म्हटलं, उचलेल, दुसरं काही त्याला येतच नाही बिचाऱ्याला.

घरी आलो तर मायलेकी रडवेल्या होऊन दारातच उभ्या. धाकटी कबुलीजबाब द्यायला लागली. मी म्हटलं, मला सगळं ठाऊक आहे, आधी चहा टाक. चिमीकडे मात्र मला बघवेना.

चार वाजता बेल वाजली. दार मी उघडलं. बाई पातेलं घेऊन उभी, मागे मुलगा. तिने मला बघितलं, दारावरची पाटी बघितली, मग पुन्हा मला. मुलाचा चेहरा पडला, त्यालाही एव्हाना बॅटरीवाला म्हातारा कोण ते कळलं असावं. मी पुढे होऊन पातेलं तिच्या हातातून घेतलं. तेव्हा ती जी हसायला लागली! म्हणाली की माझ्याकडे बसून केळी सोललीत तेव्हाच सांगायला काय झालं होतं? धाकटी मध्येच म्हणाली की यांनी केळी सोलली? घरी कधी लसूण सोलला नाही! मग काय, दोघी विहिणी एक झाल्या आणि माझी यथेच्छ उडवली. मुलगाही हसला. मुलगा काणा नाही अक्का, चांगला आहे.

गाडीचा विषय निघालाच. मीच काढला. गाडी चालू राहील आणि लग्नाचं जेवणही तिच्या सल्ल्याने होईल, असं सांगून टाकलं. मुलाने वाकून नमस्कार केला. सगळे खूश. पण माझं व्हायचं राहिलं होतं. मी चिमीला सगळ्यांसमोर विचारलं की ताप आला तेव्हा मला का नाही कळवलंस?

ती खाली बघून म्हणाली की भीती वाटली.

अक्का, बाजारात माझी भीती वाटायची याचा मला अभिमान होता. आता खोटं कशाला बोलू, होता. माझी पोर परगावात तापाने फणफणत होती आणि आजारापेक्षा तिला माझी भीती जास्त होती. मी तिला म्हटलं, मी फार वाईट काम केलं तुझ्या बाबतीत. यापुढे तू काहीही खा, कुठेही खा, पण मला सांगत जा. मी विचारणार नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि मीही थोडा रडलो. धाकटी म्हणाली की रस्सा गार होतोय.

मग आम्ही सगळे खाली बसून जेवलो. चिमी माझ्या ताटाशी ताट लावून बसली आणि सांगत सुटली. कुठल्या गाडीवर काय चांगलं, कुठल्या चटणीने पोट बिघडलं, शाळेत असताना बर्फाचा गोळा खाल्लाच होता आणि कितीदा, ऑफिसखालचा भजीवाला नखं कापत नाही तरी ती त्याच्याकडे जाते ते कसं. मी ऐकत होतो. नखांचं ऐकूनसुद्धा मध्ये बोललो नाही.

लग्नाची तारीख ठरली की कळवतोच. गुडघ्यांना सांग, तयारीत राहा.

इथल्या सर्वांचा तुला नमस्कार, आणि तुझ्या हातच्या जेवणाला माझा.

तुझा,
बापू